खोबरेल लावलेली चकती

आज बायकोने खोबरेलाची बाटली उघडली आणि त्या वासासरशी सातिवलीचा आमचा पॉलिशचा कारखाना आठवला. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मुंबईच्या प्रयोगशाळेतल्या एक संशोधक बाई हृदयात बसवायच्या पंपासाठी धातूच्या चकत्या आमच्याकडे शेवटचा हात मारायला आणत. रक्त चिकटून गोठू नये म्हणून चकतीवर त्यांनी स्वतः शोधलेला लेप असे. खाडीच्या खाऱ्या हवेत लोखंड बघता बघता गंजतं, म्हणून घासलेल्या प्रत्येक तुकड्यावर खोबरेलाचं बोट फिरवायची आम्हा सगळ्यांची सवय. एकदा बाईंच्या एका चकतीवरही माझं बोट फिरलं. बाई आल्या त्या इतक्या अधीर, की तिथेच सुईने बोट टोचून त्यांनी थेंब टाकला. अळूच्या पानावरून पाणी ओघळावं तसं रक्त घरंगळलं. "दोन वर्षं झटतेय हो दादा यासाठी!" त्या म्हणाल्या. शेठ पेढे आणायला निघाले. मी गप्प बसलो असतो तर कुणाला कळलंही नसतं. "बाई, मीच तेल लावलंय तिला," मी कसंबसं म्हणालो. त्यांनी चकती स्पिरिटने पुसली, दुसरं बोट टोचलं. या वेळी थेंब जागचा हलला नाही. चहा निवेपर्यंत काळपट, घट्ट झाला. चकती कागदात गुंडाळत बाई म्हणाल्या, "बरं झालं बोललात. उद्या कुणाच्या तरी छातीत गेली असती ही." आता माझ्याच छातीत धातूची झडप टिकटिकते. ती घासणाऱ्याला मी कधी पाहिलेलं नाही; त्याच्या हातून काही चुकलं असेल, तर तोही तेव्हा बोलला असेल, एवढ्या भरवशावर माझं चाललंय.