पायातला ठोका

विजेच्या त्या डेपोत वायरमन पुष्कळ होते, पण खारुताई एकच. हे नाव त्याच्या कामावरच्या जोडीदाराने ठेवलं होतं. किडकिडीत अंगाचा हा गडी कमरेला पट्टा अडकवून खांबावर असा सरसर चढायचा, की खाली शिडी धरून उभ्या असलेल्या माणसाला आपण इथे कशाला, असं वाटावं. काम आटोपून खाली उतरला की हातमोजे धड निघायच्या आत सिगारेट पेटलेली असायची. वर असेपर्यंत सगळा जीव मुठीत. पहिला झुरका घेतला की तो भांड्यात पडायचा.

बायको सांगून सांगून थकली होती. "अहो, छातीची चाळण होईल एक दिवस."

"अगं, छातीची चाळण झालेला माणूस खांबावर चढतो होय?" असं म्हणून तो हसायचा. हसताना पुढचे दोन दात नसलेले दिसायचे. हिरड्या सैल पडल्या होत्या, जेवणात मीठ कमी की जास्त हेही हल्ली कळत नव्हतं. पण ते त्याने वयाच्या खात्यावर ढकललं होतं.

दुखणं आलं ते छातीत नव्हे, पोटरीत. डेपोपासून चौकापर्यंत चालत गेलं की उजवी पोटरी दगडासारखी घट्ट व्हायची. थांबलं की मोकळी. खारुताई थांबायचा आणि मान वर करून तारा न्याहाळायचा. वायरमन तारांकडे बघतोय, यात कुणाला काय वावगं वाटणार? जोडीदारालाही पत्ता लागला नाही. बायकोला मात्र लेकीकडे चालत जाताना संशय आला. भर रस्त्यात तो असाच वर बघत उभा राहिला.

"इथे तर तारच नाही," ती म्हणाली. "काय बघताय?"

तो पाय झटकून पुढे चालू लागला.

तरीही दवाखाना टळला तो बूट चावेपर्यंत. अंगठ्याला साधं सालटं गेलं होतं, पण मलम लावून लावून नळी संपली तरी जखम भरेना. मग अंगठा निळसर पडला, आणि झोपलं की पाय आगीत धरल्यासारखा जळू लागला. पलंगावरून पाय खाली सोडून बसलं तरच जरा बरं वाटायचं.

डॉक्टरीणबाईंनी पावलावर बोटं ठेवली. बोटं सरकवली, घोट्यामागे नेली, पुन्हा ठेवली. मग त्यांनी त्याचाच हात धरून बोटं डाव्या पावलावर टेकवली. "इथे ठोका लागतोय?"

"बारीक लागतोय."

"आता उजव्यावर बघा."

त्याने बराच वेळ बोटं दाबून धरली. काहीच नव्हतं.

"दिवसाला किती ओढता?"

"बाई, पाय दुखतोय माझा. सिगारेट तोंडाने ओढतो मी."

बाई हसल्या नाहीत. "धूर छातीत जातो, पण तिथेच बसून राहत नाही. तो रक्तात उतरतो, आणि रक्त जाईल तिथे जातो. रक्तवाहिन्या आतून खरबरीत होतात, अरुंद होतात. तुमच्या पायाची तर बुजलीच आहे. हेच हृदयात झालं तर झटका, मेंदूत झालं तर लकवा. मूत्रपिंडं, डोळे, हाडं, काही सुटत नाही. दात गेलेत ना तुमचे? त्यातही याचा हात असणार."

"म्हणजे पायाला लोडशेडिंग," तो म्हणाला. कुणीच हसलं नाही. बायको त्या निळ्या अंगठ्याकडे बघत होती.

ऑपरेशन झालं. मांडीतली शीर काढून पायात जोडली, रक्ताला नवी वाट करून दिली. छातीच्या एक्स-रेमध्ये फुप्फुसंही फुगलेली दिसली; खांब चढताना लागणारी धाप त्याला कधी धाप वाटलीच नव्हती. घरी पाठवताना बाईंनी बजावलं, "आता एकसुद्धा नाही. ही शीर टिकणं तुमच्या हातात आहे."

त्याने मनावर घेतलं होतं, खोटं नाही. बडीशेप चघळली, चिडचिड केली, लेकीवर विनाकारण ओरडला आणि मग तिची माफी मागितली. पाऊल ऊबदार झालं, जखम सुकायला लागली. पाय बरा दिसू लागला तसा मनाला फाटा फुटला. बायको बाजारात गेली की गच्चीवर एक. मग दोन. मग पाकीट पाण्याच्या टाकीमागे.

एका सकाळी पाऊल गार आणि पांढरं पडलेलं होतं. दवाखान्यात धावपळ झाली, पण बुजलेली ती नवी शीर काही पुन्हा उघडली नाही. गुडघ्याखाली पाय काढावा लागला.

शुद्धीवर आल्यावर त्याने बायकोला गच्चीचं सांगितलं.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "कपडे मीच धुते ना. म्हटलं, पाय बरा होतोय, कशाला पुन्हा भांडण काढू." मग तिने तोंडाला पदर लावला. त्याने तिला रडताना फार वेळा पाहिलं नव्हतं.

त्यानंतर त्याने सिगारेटला हात लावला नाही. आता तो डेपोत तक्रारींच्या फोनवर बसतो. लाकडी पाय टेबलाखाली, कान फोनला. एकदा जोडीदार आत आला तो सिगारेटच्या भपकाऱ्यासकट. खारुताईने त्याला खुर्चीवर बसवलं.

"बूट काढ."

"अरे, मोजे वास मारतायत माझे."

"तुझ्या तोंडापेक्षा बरे. काढ म्हणतो ना."

त्याने जोडीदाराच्या पावलावर बोटं ठेवली. ठोका लागला, चांगला दणदणीत. त्याने बोटं उचलली नाहीत.  जोडीदाराची नजर टेबलाखालच्या लाकडी पायावर गेली.

जोडीदार डॉक्टरकडे गेला. सोडायला त्याला दोन वर्षं लागली, मध्ये चारदा घसरला, पण सुटली. खारुताईचा डावा पाय अजून शाबूत आहे. दर तीन महिन्यांनी बाई तपासतात, आणि तो त्यांच्या चेहऱ्याकडे बघत असतो. ओढायची हुक्की अजून येते, विशेषतः नवी पोरं काम संपवून खांबावरून उतरताना दिसली की. तेव्हा तो खिडकीला पाठ करतो आणि पुढचा फोन उचलतो.