वजनबाईंचा शेरा

वजनबाई लहान मुलांवर कधी चिडल्या नाहीत. चिडायच्या त्या मोठ्यांवर, आणि त्यातही ज्यांच्यासमोर बोलायची गावात कुणाची छाती होत नसे त्यांच्यावर. लग्नाची पंगत असो की बारसं, पोर दिसलं की अंगठा आणि बोटाच्या कडीत त्याचा दंड धरून बघायच्या. कडी सैल राहिली की भर पंगतीत विचारायच्या, "ह्याची माय कुणाकडं कामाला हाय?" भोकरदन तालुक्यातल्या आमच्या गावच्या या अंगणवाडीताई. त्यांचं खरं नाव कुणी घेत नसे.

हडकुळ्या पोराचं वजन केलं की त्याला नजर लागते, असा आमच्याकडे समज होता. अजूनही आहे. त्यामुळे वजनाच्या दिवशी गुबगुबीत पोरं तीट लावून हजर, आणि ज्यांच्यासाठी काटा आणला ती घरात दडवलेली. मी गुबगुबीतांपैकी. आमच्या सालगड्याची चंद्रकला माझ्याच वयाची, पण ती कधी यायची नाही. शेवटी बाईंनी एके दिवशी काटा खांद्यावर टाकला, आमचं शेत गाठलं, बांधावरच्या लिंबाला तो अडकवला आणि चंद्रकलाला झोळीत बसवलं. माझे वडील, अण्णा, तिथंच उभे होते.

"अण्णा, मिरचीचं एक पान मुरडलं तं तुम्ही जल्दी औषधवाल्याला बोलावता. ही पोरगी तुमच्याच बांधावर वाळून राह्यली. हिच्याकडं बघा की जरा!"

अण्णा हसले. त्या हसण्याची मला आज चीड येते. तेव्हा मीही हसले होते.

बाईंच्या रजिस्टरात शेवटी शेऱ्याचा रकाना होता. वजन कमी भरलं की तिथं 'पालकांचे दुर्लक्ष' लिहायची पद्धत. बाईंनी ते एकदाही लिहिलं नाही. त्या लिहायच्या, 'आई सकाळी सातपासून अमक्याच्या कपाशीत', आणि अमक्याच्या जागी पूर्ण नाव. तपासणीचे साहेब वैतागले तेव्हा म्हणाल्या, "दुर्लक्ष कुणाचं त्येच तं लिहिलं म्या. खोटं असंल तं दाखवा." आमच्या घराचं नाव त्या रकान्यात किती पानांवर होतं, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं.

शाळेत चंद्रकला गणितात माझ्या पुढे. मी तिच्या वहीतून उतरवून घ्यायची. आम्ही पाचवीत असताना अण्णांनी बियाण्याच्या मिरचीचा प्लॉट घेतला. त्यात एकेक कळी हातानं उकलून तिला दुसऱ्या झाडाच्या फुलाचा पराग लावावा लागतो. त्याला बारीक बोटं लागतात. चंद्रकलाची बोटं बारीक होती, आणि ती तशी का होती हेही बाईंच्या रजिस्टरात होतं. फुलोऱ्याच्या दिवसांत ती शाळेत आलीच नाही. नंतर आली तेव्हा फळ्याकडे बघितलं की चक्कर येते म्हणायची. गुरुजी म्हणाले, हिला अभ्यासाची आवड नाही. आवड! सातवीनंतर तिची शाळा सुटली, सोळाव्या वर्षी लग्न.

दहावीला मी तालुक्यात पहिली आले. सत्काराला मंडप घातला होता. मी माईकवर ऐटीत सांगितलं, की यशाला फक्त कष्ट लागतात. बाई बायकांतून उठून उभ्या राहिल्या.

"कष्ट तं चंदीनं बी केले. तुझ्यापेक्षा जास्ती केले. तुला रोज सकाळी दूध व्हतं आन् तिला तुमच्या मिरचीचा वाफा. त्ये पण सांग ना माईकवर."

माझा चेहरा उतरला, आणि अण्णांनी तो बघितला. पुढच्या ग्रामसभेत ठराव झाला, बाईंचं काम गेलं. ठरावावर हात वर करणारे बहुतेक त्या रजिस्टरातलेच होते. मी घरात बसून त्या ठरावाचं बारीकसारीक सगळं ऐकलं आणि तोंड उघडलं नाही. गेल्या वर्षी बाई वारल्या. मला निरोप आला होता. कुठल्या तोंडानं जाणार होते?

आता मी सरकारी दवाखान्यात डॉक्टर आहे. परवा ओपीडीत चंद्रकला आली. मला 'मॅडम' म्हणाली. कडेवर दीड वर्षाची धाकटी. मी पोरीचा दंड कडीत धरला. कडी सैल राहिली. मागे रांग खोळंबली होती. केसपेपरवर मी भराभर लिहिलं, 'आईचे दुर्लक्ष'.

चंद्रकलानं ते टेबलापलीकडून, उलटं, एका नजरेत वाचलं.

"मॅडम, वजनबाई असं न्हाई लिहीत व्हत्या," ती म्हणाली. आवाज बिलकुल चढवला नाही तिनं. चढवला असता तर मला बरं वाटलं असतं.

मी ते खोडलं. त्याखाली लिहिलं, 'आई वयाच्या अकराव्या वर्षापासून मिरचीच्या प्लॉटवर.' पुढे अण्णांचं पूर्ण नाव लिहिलं, गावासकट. मग खाली सही केली. माझं आडनावही तेच आहे.