नाथाजी मास्तरांचे नऊ गडी

मिरजेच्या स्टेशनामागच्या मैदानावर आपल्या पोरांवर चौथा गोल बसला, तेव्हा नाथाजी मास्तर बाभळीखालून उठून थेट रेषेपाशी येऊन उभे राहिले. ओरडले नाहीत. एरवी त्यांना नुसतं उभं राहिलेलं बघून पोरांच्या माना ताठ व्हायच्या. त्या दिवशी मात्र एकही मान वर आली नाही. साल त्रेचाळीसचं, आषाढातले दिवस, आणि शाळांच्या ढालीच्या साखळीतला हा पहिलाच सामना.

मास्तर मलकापूरचे. पहिल्या लढाईत मराठा पलटणीबरोबर बसऱ्याला गेले आणि हवालदार होऊन परतले. तिथल्या छावणीत गोऱ्या सोल्जरांबरोबर अनवाणी खेळून त्यांनी फुटबॉल उचलला होता. पुढं कराडजवळच्या एका हायस्कुलात ड्रिल मास्तर झाल्यावर तो त्यांनी शेतकऱ्यांच्या नि बागवानांच्या पोरांना शिकवला. गावात त्यांना मान होता तो खेळामुळं, आणि त्याहून जास्त भरतीमुळं. आसपासच्या गावांतली कितीतरी पोरं त्यांच्या शब्दावर पलटणीत गेली होती. त्यांचा एकुलता एक सयाजीही गेला होता. आफ्रिकेत आहे, एवढंच ठाऊक होतं. होळीपासून त्याची खुशाली आली नव्हती. पोस्टमन दारावरून पुढं गेला, की मास्तरांची बायको हरणाबाई काहीतरी काम काढून परसात निघून जायची.

मिरजेहून परतल्यावर मास्तरांनी पोरांना झोपू दिलं नाही म्हणा ना. पहाटे नदीच्या वाळूत पळवायचं, संध्याकाळी चिखलात पास द्यायला लावायचं. जोतीरामला पुढं, मधोमध टाकला. पंधरा सरून सोळावं लागलेला पोरगा, अंगानं दणकट, मिसरूड फुटलेली. पायात चेंडू आला की खाली न बघता पळायचा. मागं केरबा आणि भाऊसो, दोघेही अठरा ओलांडलेले. गोलात बागवानाचा चांदसाहेब.

पंधरा दिवसांनी सांगलीचा संघ कराडला आला आणि दोन-एकनं हरून गेला. दोन्ही गोल जोतीरामचे. शेवटची पाच मिनिटं सांगलीची पोरं अशी तुटून पडली होती, की मास्तरांनी धोतराचा सोगा मुठीत धरून पिळून काढला. सामना संपला आणि मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या खाकी लॉरीतून एक माणूस टाळ्या वाजवत खाली उतरला. भरतीचे सुभेदार नानासो. बसऱ्याला मास्तरांच्या एकाच तंबूतले.

"नाथाजी, गड्या, ही पोरं हायती का वाघ?" नानासोंनी जिलबीचा पुडा मागवला. पोरं बोटं चाटत असताना ते सांगत राहिले. बूट मिळतात, दोन वेळ पोटभर जेवण मिळतं, बेळगावच्या सेंटरात असं मैदान आहे की डोळे फिरतील. त्या वर्षी ज्वारी मिळायची मारामार होती. पोरं चघळायची थांबून ऐकत होती.

आठवड्याच्या आत केरबा आणि भाऊसो लॉरीत चढले. मास्तर स्वतः त्यांना पोचवायला गेले. केरबाची आई चंद्राबाई पदराचा बोळा तोंडात धरून लांब उभी होती. मास्तरांनी केरबाच्या पाठीवर थाप मारली. "नाव राखा रं पोरांनो." त्यांची छाती भरून आली होती. खोटं कशाला सांगायचं, त्या दिवशी त्यांना चंद्राबाईकडं बघायचं सुचलंसुद्धा नाही.

तासगावला संघ एक-शून्यनं जिंकला. मागची फळी नवी होती, तरी चांदसाहेबानं चेंडू आत जाऊ दिला नाही. लॉरी तिथंही आली होती. परत येताना आणखी दोघे कमी झाले. संघ जिंकत होता आणि आटत होता. तिकडं मिरजेचा संघ साताऱ्याकडून हरला, आणि गुणांच्या हिशेबानं शेवटचा सामना ठरला तो सातारा आणि मास्तरांची पोरं यांच्यात. शाळेत पेढे वाटले. मास्तरांनी मैदानावर पोरांना रांगेत उभं केलं. नऊ होती. खालच्या वर्गातली पोरं घ्यावीत, तर त्यांच्या घरच्यांनी त्यांना खेळायलाच बंदी केलेली. फुटबॉल म्हणजे पलटण, अशी बोलवा झाली होती.

साताऱ्याला जायच्या आदल्या दिवशी दुपारी रंगूबाई आली. जोतीरामची आई, नवऱ्यामागं एकट्या हिमतीनं पोर वाढवलेली. ती उंबऱ्याच्या आत आली नाही.

"मास्तर, माझ्या जोतीरामाला उद्या तिकडनंच लॉरीत घालनार हाय म्हनं?"

"कोन म्हनतं?"

"त्योच म्हनतोय. नवा सदरा धुवून ठिवलाय त्यानं. सोळा सरलं न्हाईत अजून त्येला."

"माझ्याकडनं असं कायबी बोलणं झालेलं न्हाई, रंगूबाई."

"तुमी बोलाय कशाला पायजे?" तिचा आवाज चढला नव्हता, पण ओट्यावर हरणाबाईचं सूप थांबलं. "तुमी शिट्टी मारली की पोरं पळत्यात. हितं चेंडूमागं पळत्यात, तिकडं गोळीम्होरं पळतील. शिट्टी तुमचीच न्हवं?"

मास्तरांनी आयुष्यात सुभेदारांचं, कप्तानांचं, कर्नलांचं ऐकून घेतलं होतं. पण असं कुणी बोललं नव्हतं. ती गेली तरी ते दाराकडं बघत उभे राहिले. मग वळले, तर हरणाबाई सूप घेऊन तशीच बसलेली.

"काय म्हनायचं असलं तर म्हन," ते म्हणाले.

"आमी काय म्हननार? सयाजी जाताना आमाला कुनी इचारलं व्हतं?" आणि ती पुन्हा दाणे पाखडू लागली.

साताऱ्याला पोचल्यावर मैदानाच्या फाटकातच नानासो भेटले. मास्तरांना बाजूला घेऊन गेले. भरतीचा गोरा साहेब स्वतः सामना बघायला येणार होता, ढाल त्याच्याच हातून द्यायची होती.

"साहेबाला त्यो सेंटर फॉरवर्ड पायजे, नाथाजी. मी लय सांगून ठिवलंय."

"पोरगा लहान हाय."

"दिसत न्हाई. त्यो अठरा सांगंल. साहेब तुला इचारंल, तू मान हालीव. जुन्या हवालदाराची मान हालली की झालं, साहेब फुडं इचारत न्हाई." नानासोंनी आवाज उतरवला. "आनि सयाजीचं मी बोललोय साहेबाजवळ. त्यो कैरोला तार करतो म्हनाला. चार-आठ दिसांत कळंल तुला, पोरगा कुठं हाय, कसा हाय. मनातनं करतोय मी हे गड्या. तुझ्या घरात काय चाललं असंल ते मला कळत न्हाई व्हय?"

सयाजी कुठं आहे, एवढं कळण्यासाठी मास्तर पायी बेळगावला गेले असते. मान हलवायची, एवढंच तर होतं. पोराला जायचंच होतं. त्याला कुणी ओढत नव्हतं.

सामना सुरू झाला. समोर अकरा, इकडं नऊ. पावसानं मैदान नुसतं रबरबलेलं. साताऱ्याच्या पोरांनी पहिल्या दहा मिनिटांतच गोल केला. मग त्यांनी मास्तरांच्या पोरांना या टोकापासून त्या टोकापर्यंत पळवायला सुरुवात केली, कारण नऊ जण दमणार हे त्यांना ठाऊक होतं. कडेला खुर्ची टाकून साहेब बसला होता, आणि त्याच्यामागं लॉरी उभी होती.

मास्तरांच्या लक्षात आलं, की जोतीराम पास देत नाही. एरवी डाव्या बाजूला मोकळा गडी दिसला की चेंडू सोडणारा पोरगा, आज एकटाच घुसत होता. घुसायचा, पडायचा, उठायचा, आणि उठताना एकदा खुर्चीकडं बघायचा. तो ढालीसाठी खेळत नव्हता.

हाफटाइमला मास्तरांनी त्याला दंडाला धरला. "चेंडू सोड. डाव्या अंगाला पोरगा मोकळा हाय."

"व्हय मास्तर," तो म्हणाला. पण त्याचं लक्ष मास्तरांच्या खांद्यावरून पलीकडं होतं. मग हळूच म्हणाला, "मास्तर, तुमी सांगशीला न्हवं साहेबाला?"

मास्तरांनी त्याचा दंड सोडला आणि ते चांदसाहेबाकडं वळले.

उत्तरार्धात साताऱ्याला पेनल्टी मिळाली. चांदसाहेब गोलाच्या मधोमध गुडघे वाकवून उभा राहिला, ओठ पुटपुटत होते. चेंडू उजवीकडं खाली आला आणि त्यानं आडवी झेप घेऊन तो हाताच्या तळव्यानं खांबाबाहेर ढकलला. नऊ जणांना एकाएकी बळ आलं. कुणी कुणाला सांगायचं राहिलं नाही. दोन मिनिटांत जोतीरामनं तीन जणांना चकवून गोल केला, तोही असा, की साताऱ्याचे लोकसुद्धा उठून उभे राहिले. साहेबानं टाळी वाजवली.

एक-एक. पण पाय संपले होते. भाऊसोच्या जागी खेळणारा पोरगा पोटरीत गोळा येऊन बसला आणि उठलाच नाही. आठ उरले. अगदी शेवटी जोतीराम पुन्हा एकटा गेला. डावीकडं मोकळा गडी हात वर करून ओरडत होता. जोतीरामनं त्याच्याकडं बघितलं नाही, चेंडू त्याच्या पायातून निसटला, साताऱ्याच्या पोरांनी तो लांब मारला, आणि रिकाम्या पडलेल्या मागच्या बाजूतून दुसरा गोल झाला. शिट्टी वाजली.

पोरं चिखलातच बसली. ढाल साताऱ्याला गेली. मग साहेब स्वतः चालत इकडच्या पोरांकडं आला. नानासो मागं. जोतीराम ताडकन उठून उभा राहिला.

"शाबास, जवान. उमर कितना?"

"अठारा, साब."

साहेबानं मास्तरांकडं बघितलं. मास्तर नकळत सावधान उभे होते, टाचा जुळलेल्या. "हवालदार?"

नानासोंचे डोळे मास्तरांवर खिळले होते. मास्तरांना सयाजी दिसला नाही, रंगूबाईही दिसली नाही. दिसले फक्त जोतीरामचे पाय. चिखलानं भरलेले, अंगठ्याचं नख निघालेलं, आणि उभ्याउभ्या थरथरणारे.

"सोला भी पूरा नहीं, साब. लडका झूट बोलता है."

साहेबानं खांदे उडवले, जोतीरामच्या पाठीवर हलकेच थोपटलं आणि तो गाडीकडं निघाला. नानासो "तुझं तूच बघ मग आता," एवढंच म्हणाले आणि साहेबामागं गेले.

जोतीराम मास्तरांच्या पुढ्यात आला. तो रडत होता, पण आवाज खणखणीत होता. "केरबाला पोचवाय गेलासा. भाऊसोला गेलासा. स्वतःच्या पोराला धाडलंसा. आनि मी काय वंगाळ केलं व्हतं?"

कराडच्या सर्व्हिस मोटारीत पोरं दाटीवाटीनं बसली. जोतीराम टपावर जाऊन बसला, भर पावसात, कराड येईपर्यंत.

रंगूबाई काही बोलायला आली नाही. जोतीरामनं शाळा सोडली आणि गूळ करणाऱ्यांच्या गुऱ्हाळावर जायला लागला. वाटेत मास्तर दिसले की तो बांध बदलायचा. मास्तरांनी भरतीचं काम सोडलं. कुणाला सांगितलं नाही, नानासोंचा निरोप आला की नुसतं घरात नाही म्हणून सांगायला लावत. त्यापुढचे महिने त्यांनी कसे काढले ते हरणाबाईलाच ठाऊक. जेवताना मध्येच हात थांबायचा. मान हलवली असती तर एव्हाना कळलं असतं, हा विचार काही त्यांना सोडत नव्हता. शेवटी मार्गशीर्षात सयाजीचं कार्ड आलं. तो आजारी पडून कैरोच्या इस्पितळात होता. हरणाबाईनं ते कार्ड वाचून घेतलं, परत वाचून घेतलं, आणि मग मास्तरांच्या ताटात न मागता दुसरी भाकरी वाढली. सयाजी शेचाळीस साली परत आला, एका कानानं बहिरा होऊन.

जोतीराम अठरा पूर्ण झाल्यावर स्वतःच बेळगावला जाऊन भरती झाला. तोवर लढाई संपली होती. पहिल्या सुट्टीत तो गणवेश घालून मास्तरांच्या दारासमोरून दोनदा गेला. तिसऱ्यांदा आत आला, पाया पडला आणि चहा पिऊन गेला.

केरबा मात्र आला नाही. चव्वेचाळीसच्या पावसाळ्यात तो इटलीत एका डोंगराच्या चढावर पडला. तार आल्यावर मास्तर तिसऱ्या दिवशी त्याच्या घरी गेले. चंद्राबाई आपल्याला दारातून हाकलणार, असं ते धरूनच चालले होते, आणि हाकललं तर बरं, असंही वाटत होतं. तिनं घोंगडं अंथरलं. पाण्याचा तांब्या ठेवला. समोर भिंतीला टेकून बसली.

"मास्तर," ती म्हणाली, "केरबा खेळायचा कसा वं? लोक म्हनत्यात, चांगला खेळायचा. मी कवा बगितलाच न्हाई. रानातलं काम सुटायचं न्हाई."

मास्तरांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग ते सांगू लागले. केरबा खेळायला उतरताना सदऱ्याच्या बाह्या दुमडायचा. समोरच्याला पाडलं तर चेंडू सोडून आधी त्याला हात द्यायचा, आणि त्यावरून आपण त्याला किती बोललो ते. सांगलीच्या पोरांनी शेवटी वेढा घातला, तेव्हा त्यानं डोक्यानं चेंडू उडवला होता आणि वर म्हणाला होता, आई शप्पत, भिंतीवर डोकं आपटल्यागत झालं. चंद्राबाई त्यावर हसली. पदर डोळ्याला लावून परत म्हणाली, "मग? मग काय झालं?"

मास्तर सांगत राहिले. बाहेर गुरं घरी परतायची वेळ झाली तरी ते उठले नाहीत.