वेशीवरच्या फलकातला मोह

गुडीहत्नूरच्या अलीकडे हमरस्त्यावरून आमच्या गावाचा फाटा फुटतो, तिथे यंदा कमान उभी राहिली. तिच्याखाली गावाचा इतिहास सांगणारा फलक हवा होता. निवृत्त मास्तर म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं. वीस ओळींसाठी मी आठ दिवस खपलो.

आमच्या गावाला इतिहास आहे तो मोहाचा. निजामाच्या काळी इथे मोहाच्या दारूची भट्टी होती. आसपासच्या गावांतून लोक फुलं घेऊन यायचे, म्हणून बाजार भरला, आणि बाजारामागे आमच्यासारखी मराठी घरं आली. होळीच्या सुमारास मोहाखालचा पाचोळा जाळतात, म्हणजे काळ्या जमिनीवर पहाटे पडलेली फुलं लांबून दिसतात. ज्यानं जाळलं त्याचं झाड, दुसरा तिथलं फूल उचलत नाही. बांधावरून डोकी फोडणाऱ्या या गावानं हा एक नियम अजून मोडलेला नाही. हे सगळं मी लिहिलं.

सरपंचांनी कागद वाचला आणि पेन काढलं.

"गुरुजी, दारूचं काऊन लिहून राह्यले तुमी? पोरींचे सोयरे येतेत या रस्त्यानं. काय म्हणतीन?"

"मग काय लिहू?"

"कापूस लिहा, सोयाबीन लिहा."

माझं डोकंच फिरलं. सोयाबीन काल आलं, त्याला कसला इतिहास? म्हटलं, "पाहुणा आला की त्याला मोहाची तुम्हीच पाजता. तेव्हा लाज कुठं जाते?"

"ते घरात, गुरुजी. वेशीवर काऊन?"

झाकली मूठ सव्वा लाखाची. घरी येऊन रागारागानं कागद पुन्हा लिहायला घेतला. आता एक अक्षरही गाळायचं नाही, असं ठरवून. भट्टीचा मक्ता कोणाकडे होता, त्या ओळीपाशी हात थांबला. मक्ता माझ्या आजोबांकडे होता. पहिल्या कागदात मी त्यांना किराणा दुकानदार केलं होतं. वर्गात पोरांनाही जन्मभर तेच सांगत आलो. सरपंचांच्या आधी मीच खोडाखोड केली होती, आणि आताही ती ओळ लिहवेना. स्वतःची इतकी चीड मला कधी आली नव्हती.

शेवटी कापूस आणि सोयाबीन लिहून दिलं. खाली माझं नाव घातलंय, आजोबांच्या आडनावासकट. गावातले म्हातारे फलकापाशी थांबतात. वरचं कोणी वाचत नाही. खालचं आडनाव वाचतात आणि हसतात.