वाराच्या दिवशी तळं दाखवायला नेलं

आमच्या दाजींना माणसं आवडत नाहीत असं नाही, त्यांना ती भेटतच नाहीत. बँकेतून निवृत्त झाल्यापासून ते पुण्यात पाचव्या मजल्यावर बसून टीव्हीवरच्या बातम्यांशी भांडतात. माझी थोरली बहीण, म्हणजे आक्का, हे सगळं फोनवर सांगते आणि मग हळूच म्हणते, "तिकडेच येऊन राहावंसं वाटतं रे." तेवढ्यात मागून दाजींचा आवाज येतो, "तिकडे बघण्यासारखं आहे काय?"

हे वाक्य माझ्या जिव्हारी लागलं होतं. आक्कानं परत यावं, आमच्या वडगावात नाहीतर शहापुरात घर घ्यावं, असं मला फार वाटतं. आईवडील गेल्यावर मला हक्कानं गाढव म्हणणारं तेवढं एकच माणूस उरलंय. बायकोही म्हणते, पण तिच्या म्हणण्यात लाड नसतो. म्हणून यंदा आषाढात दोघं चार दिवस राहायला आली तेव्हा मी विडाच उचलला. दाजींना पिरनवाडीच्या पलीकडची तलावाकाठची गावं दाखवायची. काठोकाठ भरलेलं तळं, चिखलात चाललेली भाताची रोपलावण, कुंभाराचं चाक, जाळ्यातून नुकते काढलेले मासे. एवढं बघूनही जो पाघळणार नाही तो माणूसच नव्हे, असं माझं मत.

मंगळवार ठरवला, कारण त्या दिवशी वार होता. देवीच्या यात्रेआधी आमच्याकडे मंगळवार आणि शुक्रवार पाळतात. त्या दिवशी कुणी कामाला हात लावायचा नाही, आम्हा विणकरांचे मागही बंद. एरवी मी मागाला बांधलेला, वाराला तेवढा मोकळा. निघताना बायको म्हणाली, "त्या गावांतनीबी वार असंल की." मी म्हटलं, "तू डबा भर." वडगावच्या माणसाला वार हा फक्त आपल्याच देवीचा वाटतो, त्याला इलाज नाही.

आम्ही चौघं गाडीनं पोचलो तर तलावाच्या फाटकाला कुलूप होतं. राखणदार जवळच्याच गावचा, तो वार पाळायला घरी गेलेला. गजांमधून हातभर पाणी दिसत होतं. दाजी म्हणाले, "छान आहे. आमच्या सोसायटीची टाकी अशीच दिसते." मी गाडी वळवली.

पुढच्या गावात भाताच्या शेतांत चिटपाखरू नव्हतं. रोपांच्या मुठी बांधून बांधावर ठेवलेल्या, पण लावणारं कुणी नाही. दाजींना मात्र तिथं एकदम काय उत्साह आला देव जाणे. त्यांनी बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, एक मूठ उचलली आणि थेट चिखलात उतरले. "फोटो काढ," मला म्हणाले. मी मोबाईल काढतो तोच समोरच्या देवळाच्या कट्ट्यावरून आरडाओरडा झाला. सगळा गाव तिथंच बसलेला!

"अवो पाव्हणं! भायेर या, भायेर या! वार हाय आज!"

"रोपाला हात लावू नगासा!"

दाजी गडबडून वळले आणि बसलेच चिखलात. दोघांनी त्यांना काखेत धरून वर काढलं, पाय धुतले, कोरडं धोतर नेसवलं आणि कट्ट्यावर बसवलं. मला वाटलं, संपलं. आता पुणं, पाचवा मजला आणि माझ्या नावानं शंख. पण एका म्हाताऱ्यानं त्यांच्यापुढं पत्ते टाकले आणि विचारलं, "येतंय न्हवं?" आणि दाजी हसले. लग्नाच्या फोटोतसुद्धा हा माणूस हसलेला नाही.

त्यानंतर मी काही दाखवायचं राहिलंच नाही. कुंभारांच्या वस्तीत चाक झाकून ठेवलेलं, पण कुंभार मोकळा. त्यानं दाजींना शेजारी बसवून घेऊन पावसाची तक्रार सांगितली, दाजींनी सरकारची सांगितली, दोघांचं जमलं. मासेमाऱ्यांच्या गल्लीत जाळी वळचणीला टांगलेली, पण "बसा की वो, आज कुठं घाई हाय?" म्हणून पुन्हा सतरंजी, पुन्हा पत्ते. कुणालाच काम नाही, म्हणून सगळ्यांना वेळ. प्रत्येक ठिकाणी चहा, नंतर पोहे, एका घरी तर गरम भाकरी आणि वाटाण्याची उसळ. आम्ही नेलेला डबा उघडलाच नाही. आक्का आणि माझी बायको प्रत्येक घरात "आत या गं" म्हणून आत जायच्या आणि निघताना पदराला हात पुसत बाहेर यायच्या. मी आपला खुशीत होतो. सगळं बंद होतं आणि माझं काम फत्ते झालं होतं.

परतीच्या वाटेवर दाजींनी, अजून त्या धोतरातच, जाहीर केलं, "ठरलं. आपण इकडेच राहायला यायचं. काय माणसं आहेत! दिवसभर गप्पा मारतात, दिवसभर खातात. पुण्यात असा वार पाळतं कोण?"

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मी आरशातून मागं आक्काकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती.

"तुम्ही या," ती म्हणाली. "मी पुण्यास्नं फोन करीन."

आक्का पुण्याला गेल्यापासून अगदी पुस्तकी बोलते. आमची बोली तोंडात आली की समजायचं, राग आलाय.

"अगं, पण तुलाच तर यायचं होतं," मी म्हणालो.

"व्हय, यायचं होतं. आज समद्या गावांचा वार होता न्हवं? कुणी काम करायचं न्हाय. मग मला सांग गाढवा, एवढा चा केला कुणी? पोहं कुणी परतलं? त्या भाकरी थापल्या कुणी? सकाळधरनं म्या आणि तुझ्या बायकुनं चार चुलींफुडं बसून दीस काढला. वार शेताला हाय, मागाला हाय, चुलीला न्हाय. पुण्यात निदान बाहेरनं डबा तरी येतोय."

दाजी धोतर सारखं करून काचेतून बाहेर बघू लागले. हक्कानं गाढव म्हणणारं माणूस माझ्या डोळ्यांदेखत परत पुण्याला निघालं होतं.

"न्हायतर एक करा," आक्का म्हणाली. "वाराच्या दिवशी चुलीलाबी सुट्टी. ज्याला खायचंय त्यानं करून खावं आणि मलाबी द्यावं. कबूल असलं तर घर बघा."

मी बायकोकडे आशेनं पाहिलं. घरातली रीत मोडायला ती तरी हरकत घेईल असं वाटलं. ती दिवसभरात पहिल्यांदाच मनापासून हसली आणि आक्काच्या हातावर हात ठेवून म्हणाली, "आक्का, घर आमच्याच गल्लीत बघूया."

दाजींनी मान हलवली. मीही हलवली. आक्का येणार म्हणून मला खरंच फार आनंद झालाय. पण येत्या शुक्रवारी पुन्हा वार आहे, आणि आमच्या घरात चहापत्तीचा डबा कुठं असतो, हे मला माहीत नाही.