अण्णाचा प्रश्न

उकडलेल्या तुरीच्या शेंगांचा वास आला, की भालकीचं माहेर आठवतं. कॉलेजात शिकणारा माझा भाऊ, अण्णा, सुट्टीत इंग्रजी कादंबऱ्या मराठीतून सांगायचा.

एकदा शेंगा खाताना म्हणाला, "मनात न्हाई तिथं लग्न ठरलं, तरी गोष्टीतली पोरगी कामून गप्प बसली? ह्यो प्रश्न परीक्षेला हाय."

"तिला कुणी इचारलंच न्हाई की."

"व्हय की! हेच लिहितो."

तेव्हा मी नुसती हरखले.

दुसऱ्या दिवशी आळंदचे पाहुणे मला बघायला आले. मुलगा बिजवर, वयानं थोर. माझ्या मनात नव्हतं. "आमची लई गरीब हाय, उलटून बोलायची न्हाई," अण्णा कौतुकानं सांगत होता. दाराआड मला वाटलं, आता तो मला विचारायला येईल.

तो आत आला, आणि पानसुपारीचं तबक उचलून तसाच बाहेर गेला.