शाफ्टवरचा लाल ठिपका

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. देवासमोर हात जोडतो तेव्हासुद्धा एवढं सोडून बाकीचं बोलतो. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. किंवा परवा गॅरेजात एका गिऱ्हाइकाने हसत हसत पास्कूचा विषय काढला – तो तुमचा बेवडा पार्टनर, आता कुठे असतो? – आणि मी हातातला पाना असा आपटला की लादीचा टवका उडाला, म्हणूनही असेल. गिऱ्हाईक वरमलं. त्याला वाटलं, दोस्ताला नावं ठेवली म्हणून मी चिडलो.

पास्कू बेवडा नव्हता. सणाला, लग्नाला घ्यायचा, दोन गाणी म्हणायचा आणि झोपायचा. बेवडा त्याला मी केला. एका वाक्यात. थांबा – क्रमाने सांगतो. नाहीतर नेहमीसारखा मधूनच पळ काढीन.

अंधेरीला, मरोळच्या रस्त्यावर आमचं दोघांचं गॅरेज होतं. पास्कू तिथल्याच गावठाणातला, पिढ्यान्‌पिढ्यांचा ख्रिस्ती. मी घाटकोपरचा, मूळचा मालवणकडचा. भागी निम्मी-निम्मी. लष्कराच्या लिलावातल्या जुन्या जीप आमच्याकडे यायच्या. डोंगरात गाडी घालायची ज्यांना हौस, त्यांच्यासाठी आम्ही त्या उंच करायचो – स्प्रिंगचे जाड पाटे, मोठी चाकं. गाडी उंच झाली की पुढचा शाफ्ट तोकडा पडतो. शाफ्ट म्हणजे इंजिनाचा जोर पुढच्या चाकांपर्यंत नेणारा लोखंडी दांडा. दोन तुकड्यांचा, एक दुसऱ्याच्या आत सरकतो. चाक खड्ड्यात उतरलं की तो लांबतो, वर आलं की आखडतो. गाडी उंच केली की तो लेथवाल्याकडून वाढवून आणायचा आणि बसवायचा.

आणि मग गाडी लटकवायची. हा पास्कूचा नियम. चासीखाली, म्हणजे गाडीच्या सांगाड्याखाली, ठोकळे लावून ती उचलायची, पुढची चाकं अधांतरी सोडायची, खाली शिरून बघायचं – शाफ्ट पुरता ताणल्यावर आतला तुकडा आत पुरेसा उरतो की नाही. उरला, तर पास्कू रंगाच्या डब्यात बोट बुडवून जोडावर लाल ठिपका द्यायचा. ठिपका दिसला की गाडी न्यायची. आमच्याकडे पावती नसली तरी चालायचं, ठिपका लागायचा.

तो ठिपका मला सलायचा. गिऱ्हाइकं वाकून तेवढाच बघायची. निम्मं भांडवल माझं, पाठीला ऑइल माझ्याही लागलेलं, पण विचारायची काय – पास्कूने बघितलं ना? आणि पास्कूची जीभही तशीच. पार्ल्याच्या एका डॉक्टरांची जीप आमच्याकडे होती. त्यांच्यासमोर तो म्हणाला होता, ‘ह्याचा हात चांगला हाय, पण ह्याला लय घाई. बायको पन घाईतच केली यानं.’ डॉक्टर हसले. मीही हसलो. आतून जळालो. एवढ्याशा थट्टेने? हो, एवढ्याशाच. त्याहून मोठं कारण मी खूप शोधलं, सापडलं नाही.

त्याच जीपचा वाढवलेला शाफ्ट शनिवारी लेथवाल्याने पाठवला. पास्कूच्या घरी पुतणीचं लग्न, मांडव पडलेला. दुपारी नवा कोट घालून तो उभ्या उभ्या येऊन गेला. तोंडाला थोडा वास होता. खाली वाकून शाफ्टकडे बघितलंन आणि म्हणाला, लटकवून ठेव, मी येऊन बघतो, मग ठिपका देतो.

तो आला नाही. लग्नघर सोडून कोण येतो? संध्याकाळी डॉक्टर आले. रविवारी धाकट्या भावाला घेऊन त्यांना मुलुंडच्या मागच्या डोंगरात जायचं होतं. शाफ्ट मी बसवला होता. गाडी चाकांवर उभी असताना वाकून बघितलं, तर दोन तुकडे एकमेकांत बरोबर दिसत होते. उभ्या गाडीत ते नेहमीच बरोबर दिसतात. हे मला ठाऊक नव्हतं? चांगलं ठाऊक होतं. ठोकळे तिथेच पडले होते, जॅक तिथेच होता. डॉक्टर दारातूनच म्हणाले, पास्कूने बघितलं ना?

मी गाडीच्या पलीकडे, त्यांना दिसणार नाही असा, डबा उघडला, बोट बुडवलं, खाली शिरलो आणि ठिपका दिला. वर येऊन म्हटलं, बघितलं.

रविवारी उतारावर डाव्या अंगाचं चाक घळीत उतरलं. शाफ्ट ताणला गेला आणि दोन तुकडे सुटले. गिअरबॉक्सकडचा तुकडा फिरता होता; तो तळाचा पत्रा फाडून आत आला आणि डॉक्टरांच्या भावाचा पाय घोट्यापासून चिरडला. माणूस वाचला. पाय पुन्हा सरळ पडला नाही.

सोमवारी डॉक्टरांनी तो तुकडा गोणपाटात गुंडाळून आणला आणि आमच्या पुढ्यात टाकला. त्यांनी शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. हा ठिपका कुणाचा, एवढंच विचारलं.

पास्कूने तुकडा उचलला. ठिपक्यावरून अंगठा फिरवला. आणि डॉक्टरांकडे नाही – माझ्याकडे बघितलं.

‘मी दिला काय रं? मना याद नाय.’

दोन शब्दांचं काम होतं. मी दिला. एवढंच. आणि मी काय केलं? मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात आठवला की अजून वाटतं, तोच चरकात घालावा.

‘लग्नघर होतं, पास्कू. थोडी झाली होती तुला.’

त्याने मान डोलवली. माझ्यावर विश्वास ठेवून त्याने स्वतःवरचा सोडला. डॉक्टरांच्या पायाशी वाकायला गेला, त्यांनी मागे सरकून दार गाठलं. त्या दिवसापासून पास्कूने पाना उचलला नाही. दारू तर अशी सोडली की नाताळातसुद्धा घोट घेत नाही. तरी नाव बेवडाच. आता साकीनाक्याला एका गोदामाच्या गेटवर बसतो.

आणि मी? गॅरेज माझं झालं. डबा तोच. ठिपका आता मी देतो, आणि गिऱ्हाइकं वाकून बघतात. प्रत्येक गाडी लटकवतो – म्हणून काय, त्या पोराचा पाय सरळ झाला?

दर नाताळात मी पास्कूकडे जातो. त्याची बायको बशीभर गोड पुढे ठेवते. पास्कू पाहुण्यांना सांगतो, ह्यानं मना सांभाळला, त्या दिवशी डॉक्टरसमोर खांद्याला हात दिला. मी बशीतलं खातो. कुणी मला थोबाडीत का मारत नाही, असं वाटत राहतं – आणि तरी मी खातो. मागच्या खेपेला त्याने मला दारापर्यंत सोडताना विचारलं, मी त्या सांजेला गॅरेजात आलो कुठल्या वाटेनं रं? घरातल्या कुणालाच सांगता येत नाय. इतकी वर्षं तो ती वाट शोधतोय. मी म्हटलं, जाऊ दे रे, जुनं झालं.

पास्कू मराठी शाळेत शिकला. गेटवर बसून हाताला लागेल ते वाचतो, भेळेचा कागदसुद्धा सोडत नाही. हेही छापून आलं की त्याच्या हाताला लागेल. लागावं.

पास्कू, तू त्या सांजेला गॅरेजात आलाच नव्हतास. तू मांडवातच होतास. गाडी मी लटकवली नाही. ठिपका माझ्या बोटाचा आहे.